अस्सलाची रुजुवात

संगणकात काही फायली अशा असतात की त्यांच्याकडे वापरणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही, आणि जाण्याचे कारणही नसते. आपण लिहिलेली पत्रे, जपून ठेवलेली छायाचित्रे, हिशेबाचे तक्ते ही आपली मत्ता असते. परंतु ती उघडून दाखवणारे, तिची यादी करणारे, परवलीचा शब्द तपासून आत घेणारे, कोण आला व कोण गेला याची नोंद ठेवणारे जे शेकडो लहानमोठे प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर यंत्रात येऊन बसतात, त्यांच्यावर साऱ्या यंत्राचा कारभार चालतो. यांनाच सिस्टिम फायली म्हणतात. यंत्राविषयी आपल्याला जे काही कळते ते या फायलींच्या मुखातूनच कळत असल्यामुळे, त्यांतली एखादी कोणी गुपचूप बदलली, तर बदल झाल्याची वार्ता देणारा साक्षीदारच फितूर झालेला असतो.

१९९० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स संगणकांत घुसणाऱ्या मंडळींनी हे मर्म अचूक हेरले होते. यंत्रात शिरकाव झाल्यावर फायलींची यादी देणारी 'एलएस', चालू प्रक्रिया दाखवणारी 'पीएस', जाळ्यावरच्या जोडण्या दाखवणारी 'नेटस्टॅट' आणि प्रवेशाच्या वेळी ओळख पटवणारी 'लॉगिन' या आज्ञा काढून, त्यांच्या जागी हुबेहूब तशाच वागणाऱ्या, परंतु घुसखोराच्या फायली, प्रक्रिया व जोडण्या तेवढ्या वगळून बाकी सर्व खरे सांगणाऱ्या नकला बसवण्याची रीत त्यांच्यात रूढ झाली. अशा नकलांच्या संचाला रूटकिट हे नाव पडले. व्यवस्थापक रोजच्या शिरस्त्याप्रमाणे पाहणी करी, पडद्यावर सर्व काही यथास्थित दिसे, आणि शंकेला जागाच उरत नसे.

मग व्यवस्थापकाने विसंबावे तरी कशावर? फाईलचा आकार म्हणावा, तर नकलेत निरर्थक मजकूर भरून तो बरोबर जुळवता येतो. शेवटच्या बदलाची तारीख म्हणावी, तर यंत्रावर पूर्ण अखत्यार मिळवलेल्या माणसाला ती मागे नेणे कठीण नसते. युनिक्सवर 'सम' नावाची एक आज्ञा होती. ती फाईलमधल्या बाइटांची ठराविक रीतीने बेरीज करून ० ते ६५,५३५ यांमधली एक संख्या देत असे, आणि अनेक व्यवस्थापक ती टिपून ठेवीत. परंतु ही बेरीज मुळात प्रेषणात किंवा साठवणीत चुकून बिघडलेला मजकूर ओळखण्यासाठी योजिलेली होती. अपघाताने बेरीज जुळून येण्याचा संभव थोडा असतो. कपटी मनुष्य मात्र ती जुळेपर्यंत थांबत नाही. सनओएससाठीच्या त्या काळातील रूटकिटाबरोबर 'फिक्स' नावाचा एक प्रोग्रॅमच येत असे, आणि बदललेल्या फाईलची तारीख, मालकी, परवानग्या आणि ही बेरीज मूळ फाईलप्रमाणे करून ठेवणे एवढेच त्याचे काम असे. अधिक काटेकोर समजल्या जाणाऱ्या सीआरसी-३२ या तपासणी-संख्येचीही तीच गत आहे. फाईलमध्ये चार बाइट योग्य ते घातले की ती हवी तशी आणता येते.

तेव्हा अपघाताबरोबर कपटालाही पुरून उरेल अशा संख्येची गरज होती, आणि ती गरज गूढलेखनशास्त्राने भागवली. कोणत्याही लांबीचा मजकूर घेऊन त्यापासून ठराविक लांबीची संख्या काढणारी जी गणिती क्रिया, तिला हॅश म्हणतात. मजकूर तोच असेल तर संख्या दर वेळी तीच यावी. संख्येवरून मजकूर शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असावे. दिलेल्या मजकुराची संख्या देणारा दुसरा मजकूर घडवणे अशक्य असावे. आणि समान संख्येचे कोणतेही दोन मजकूर मुद्दाम जुळवणेही अशक्य असावे, अशा तिच्याकडून अपेक्षा असतात. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली सिद्ध केलेली एमडी५ ही पद्धत १२८ बिटांची संख्या देते, आणि ती सोळाच्या पायावर, म्हणजे ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे वापरून, बत्तीस चिन्हांत लिहिली जाते. इंग्रजी टंकलेखन शिकणाऱ्या सर्वांच्या बोटांखालून गेलेले, चपळ तांबूस कोल्हा आणि आळशी कुत्रा यांचे ते सव्वीसही अक्षरांचे वाक्य एमडी५ला दिले, तर मिळणारी संख्या '९ई१०७डी९डी' अशी सुरू होते. त्याच वाक्याच्या अंती केवळ एक पूर्णविराम दिला, की ती 'ई४डी९०९सी२' अशी सुरू होते, आणि पुढची चोवीस चिन्हेही सर्वस्वी निराळी येतात. बदल किती झाला याचा कोणताही माग ही संख्या ठेवत नाही. एका बिटाचा फरक आणि संपूर्ण फाईलचा फरक तिच्या दृष्टीने सारखेच. आणि याच निर्विकारपणामुळे घुसखोराला थोडेथोडे बदल करीत इष्ट संख्येच्या जवळ सरकता येत नाही.

आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीचे अंतरंग थोडे निरखून पाहण्याजोगे आहे. मजकुराचे ५१२ बिटांचे तुकडे पाडले जातात. आरंभी बत्तीस बिटांचे आठ शब्द मांडलेले असतात. प्रत्येक तुकडा त्या आठ शब्दांत चौसष्ट फेऱ्यांनी असा कालवला जातो की त्याचा प्रत्येक बिट सर्वांत मुरावा. आणि एका तुकड्यातून जे आठ शब्द निघतात तेच पुढच्या तुकड्याचा आरंभ ठरतात. शेवटच्या तुकड्यात मजकुराची एकूण लांबी लिहिलेली असते. मराठेशाहीच्या दप्तरातले लांबलचक कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ही योजना परकी वाटणार नाही: कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून लांबी वाढवायची, प्रत्येक सांध्यावर शिक्का उठवायचा, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये, आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब करायचे, म्हणजे खाली आणखी ओळ कोणी घुसडू नये. आरंभीचे आठ शब्द पहिल्या आठ मूळसंख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकी भागांतून, आणि चौसष्ट फेऱ्यांतले चौसष्ट स्थिरांक पहिल्या चौसष्ट मूळसंख्यांच्या घनमुळांतून घेतलेले आहेत. हे आकडे रचनाकारांनी आपल्या सोयीने निवडले असते, तर त्यांत एखादी चोरवाट ठेवल्याचा संशय राहिला असता. वर्गमूळ आणि घनमूळ मात्र कोणालाही काढून पाहता येते, आणि हा उघडपणा मला या पद्धतीचा मोठाच गुण वाटतो.

साधन हाती आल्यावर त्याचा उपयोग पद्धतशीरपणे करून दाखवण्याचे श्रेय अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाकडे जाते. १९८८ च्या नोव्हेंबरात इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मची चिरफाड करणारे प्राध्यापक युजीन स्पॅफर्ड आणि त्यांचे विद्यार्थी जीन किम यांनी १९९२ साली 'ट्रिपवायर' हा प्रोग्रॅम तयार केला. त्याची रीत सरळ होती. यंत्र नव्याने सिद्ध झाले, त्यात कोणाचा शिरकाव झालेला नाही अशी खात्री आहे, अशा वेळी सर्व महत्त्वाच्या फायलींची हॅश, आकार, मालकी व परवानग्या यांची एक फर्द करून ठेवायची. पुढे ठराविक काळाने तीच मोजदाद पुन्हा करून फर्दीशी रुजुवात घालायची. आणि जेथे तफावत आढळेल तेथे व्यवस्थापकाला वर्दी द्यायची. एकाच पद्धतीवर सर्व भार टाकण्याऐवजी प्रत्येक फाईलची दोन निरनिराळ्या पद्धतींनी काढलेली हॅश नोंदवण्याची तजवीजही त्यात होती, कारण उद्या एक पद्धत मोडली गेली तरी दोन्ही संख्या एकाच वेळी जुळवणे घुसखोराला दुष्कर व्हावे. हे दूरदर्शित्व पुढे किती सार्थ ठरले ते लवकरच दिसेल.

परंतु ट्रिपवायरच्या कर्त्यांनी खरा जोर दिला तो फर्द कोठे ठेवावी या प्रश्नावर, आणि या सबंध विषयाचे सार मला तेथेच दिसते. हॅश फाईलविषयी एवढेच सांगते की ती नोंदीबरहुकूम आहे किंवा नाही. नोंद चुकीची असेल, तर हॅश चुकीच्या गोष्टीचीच ग्वाही देईल. आणि नोंद घुसखोराच्या हाताला लागण्याजोगी असेल, तर 'एलएस' बदलणारा मनुष्य नोंदही बदलून ठेवील. म्हणून ही फर्द लेखनास बंद केलेल्या फ्लॉपीवर अथवा केवळ वाचता येणाऱ्या माध्यमावर ठेवावी, तपासणी करणारा प्रोग्रॅमही तिच्याबरोबरच असावा, आणि खरोखरीचा संशय आला असता यंत्र स्वतःच्या डिस्कवरून सुरू न करता बाहेरच्या स्वच्छ डिस्कवरून सुरू करून मग तपासणी करावी, असा दंडक पडला. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच फितूर झाला असेल, तर हॅश काढणाऱ्या प्रोग्रॅमला तो जुनी अस्सल फाईल वाचायला देईल आणि चालवताना मात्र नवी नक्कल चालवील, ही शक्यता काल्पनिक नाही; तशी रूटकिटे प्रत्यक्षात झालेली आहेत.

दुसरी अडचण फर्द वाचणाऱ्या माणसाची. यंत्र जिवंत असते. सुधारणा येतात, नोंदवह्या वाढतात, रचनेच्या फायलींत व्यवस्थापक स्वतः हात घालतो, आणि प्रत्येक वेळी वर्दी उठते. रोज शंभर निरुपद्रवी वर्द्या येऊ लागल्या म्हणजे एकशे एकावी कोणी वाचत नाही. लिनक्सच्या रेड हॅट घराण्यात आरपीएम या व्यवस्थेत 'व्ही' हा पर्याय देऊन कोणत्याही पॅकेजची रुजुवात घालता येते, आणि तिचे उत्तर मोठे बोलके असते: प्रत्येक बिघडलेल्या फाईलपुढे नऊ स्थानांची एक पट्टी येते, जे जुळते तेथे टिंब असते, आकार बदलला असेल तर 'एस', तारीख बदलली असेल तर 'टी', आणि हॅश जुळत नसेल तर '५'. हा पाचाचा आकडा एमडी५च्या काळचा. आता त्या जागी एसएचए-२५६ आले तरी खूण तीच राहिली आहे. पट्टीनंतर 'सी' हे अक्षर असेल, तर फाईल रचनेची असून तिच्यात बदल होणे स्वाभाविक आहे असे समजायचे. 'इटीसी' या निर्देशिकेतल्या एखाद्या फाईलपुढे 'एस', '५', 'टी' व 'सी' ही चारही चिन्हे दिसली तर अनुभवी व्यवस्थापक प्रथम स्वतःची स्मृती चाळवतो. 'बिन' निर्देशिकेतल्या 'पीएस'पुढे नुसता '५' दिसला, आणि आकार व तारीख यांच्या जागी निमूट टिंबे असली, तर मात्र तो जाळ्याची तार काढून ठेवतो, कारण हॅश बदलूनही आकार व तारीख जशीच्या तशी राखण्याची खटपट अपघात करीत नसतो. असाच एक संकेत '...७८५२बी८५५' या शेवटाचा. हे रिकाम्या फाईलचे एसएचए-२५६ मूल्य होय, आणि ते दिसले की फाईल उतरवताना काहीच उतरले नाही हे जाणता मनुष्य तिच्यात डोकावल्याशिवायच ओळखतो.

विंडोजमध्ये हीच व्यवस्था बहुतांशी पडद्याआड चालते. मायक्रोसॉफ्टने सही केलेल्या सूची-फायलींत प्रत्येक सिस्टिम फाईलची हॅश नोंदलेली असते, आणि 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा दिली की यंत्र रुजुवात घालून, बिघडलेल्या फाईलच्या जागी आपल्या भांडारातली अस्सल प्रत आणून बसवते. दुरुस्तीची ही सोय उत्तम. तथापि घुसखोरीचा संशय असलेल्या यंत्राच्या बाबतीत त्याच यंत्रावरून दिलेल्या या निर्वाळ्यावर समाधान मानता येत नाही, हे वर सांगितलेल्या कारणावरून उघड आहे.

फर्दीच्या जागेचा प्रश्न सामान्य वापरकर्त्यापुढे उभा राहतो तो एखादा प्रोग्रॅम किंवा अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम इंटरनेटवरून उतरवून घेताना. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय वितरणाच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा, चोरवाट ठेवलेल्या दुसऱ्याच प्रतीकडे वळवण्यात आला. प्रकार उघडकीस आल्यावर प्रकाशकांनी अस्सल प्रतींची एमडी५ मूल्ये जाहीर करून, आपली प्रत ताडून पाहण्याचे लोकांना आवाहन केले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात हँडब्रेक या चित्रफीत-रूपांतराच्या प्रोग्रॅमच्या एका सहायक सर्व्हरवर मॅकसाठीची प्रत अशीच बदलली गेली होती. फाईल एकीकडून आणि हॅश दुसरीकडून घेणाऱ्याचा अशा प्रसंगी बचाव होतो. परंतु दोन्ही एकाच पानावर असतील, तर फाईल बदलणाऱ्या हाताला शेजारचा आकडा बदलण्यास कितीसा वेळ लागणार? यासाठी हॅशच्या यादीवर प्रकाशकाने आपल्या खाजगी किल्लीने डिजिटल सही करायची, ती किल्ली संकेतस्थळाच्या सर्व्हरवर कदापि ठेवायची नाही, आणि वापरकर्त्याने आकड्याबरोबर सहीचीही तसदीक करायची, ही शिस्त आवश्यक ठरते. दुर्दैवाने ती पाळणारे फार थोडे आहेत.

आता पद्धती मोडण्याविषयी. २००४ साली शियाओयुन वांग या चिनी गणितज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी समान एमडी५ मूल्याचे दोन भिन्न मजकूर प्रत्यक्ष घडवून दाखवले आणि गूढलेखनशास्त्राच्या जगात खळबळ उडाली. या शोधाचे घातक रूप २०१२ साली दिसले: पश्चिम आशियात, विशेषतः इराणमध्ये आढळलेल्या फ्लेम या हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमने एमडी५मधील याच दौर्बल्याचा उपयोग करून मायक्रोसॉफ्टच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र तयार केले होते, आणि विंडोजचे अपडेट म्हणून तो यंत्रांत शिरत होता. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी एसएचए-१चीही तीच अवस्था केली. त्यासाठी सुमारे २ च्या ६३ व्या घाताइतक्या वेळा हॅश काढावी लागली, आणि फलस्वरूप निरनिराळ्या दिसणाऱ्या दोन पीडीएफ फायली समान मूल्याच्या निघाल्या. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. दोन्ही मजकूर स्वतः घडवणाऱ्यालाच हे साधते. तुमच्या यंत्रावर आधीपासून असलेल्या, दुसऱ्याने घडवलेल्या 'लॉगिन'ची एमडी५ संख्या देणारी नक्कल अद्याप कोणाला घडवता आलेली नाही. म्हणून जुन्या एमडी५ फर्दी एकाएकी कवडीमोल झाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आपल्याला फाईल पुरवणाराच कपटी असला, तर तो एक निरुपद्रवी व एक विषारी अशी जोडी आधीच तयार करून, पहिली तपासणीस देऊन दुसरी नंतर बसवू शकतो. आणि एसएचए-२५६ विनामूल्य उपलब्ध असताना हा धोका पत्करण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

फर्द अबाधित राखण्याचा प्रश्न अलीकडे एका सुंदर युक्तीने सोडवण्यात आला आहे, आणि ती युक्ती आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या कोट्यवधी फोनांत आहे. राल्फ मर्कल यांनी १९७९ साली सुचवलेल्या वृक्षरचनेवर ती उभी आहे. समजा, ऑपरेटिंग सिस्टिमचा विभाग दोन गिगाबाइटांचा आहे. त्याचे चार किलोबाइटांचे ५,२४,२८८ ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्याची बत्तीस बाइटांची हॅश काढली, तर एका ठोकळ्यात अशा १२८ हॅश मावतात. म्हणजे सर्व हॅश ४,०९६ ठोकळ्यांत बसतात, त्यांच्या हॅश ३२ ठोकळ्यांत, आणि त्यांच्याही हॅश एका ठोकळ्यात. या शेवटच्या ठोकळ्याची हॅश म्हणजे मूळ हॅश, अवघी बत्तीस बाइटांची. तिच्यावर निर्मात्याची सही झाली की संपूर्ण विभाग बांधला गेला. फोन सुरू होताना सर्व फायली तपासत बसण्याचे कारण नाही. जो ठोकळा वाचायचा त्याच्यापासून मुळापर्यंतची वाट तेवढी ताडून पाहिली की पुरते. अँड्रॉइडमध्ये हे २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून आले, आणि ॲपलने २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून मॅकचा सिस्टिम विभागही असाच मोहोरबंद केला. आठवड्यातून एकदा होणारी रुजुवात येथे प्रत्येक वाचनाच्या क्षणी होते.

तरीही एक दार उघडे राहतेच. २०२० च्या डिसेंबरात सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या ओरायन या प्रोग्रॅमविषयी असे उघड झाले की घुसखोरांनी कंपनीच्या आतील निर्मिती-यंत्रणेतच शिरून, प्रोग्रॅम तयार होत असतानाच त्यात चोरवाट घातली होती. मग कंपनीने नेहमीप्रमाणे त्यावर सही केली, आणि सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत ती प्रत पोचू शकली. हॅश बरोबर, सहीही बरोबर. मुळातली नोंदच विषारी. यावर उतारा म्हणून डेबियनसारखे प्रकल्प, एकाच मूळ संहितेवरून निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या यंत्रांवर प्रोग्रॅम तयार केला असता बिटाबिटाने तोच निघावा अशी व्यवस्था करण्याच्या मागे आहेत, म्हणजे प्रकाशकाच्या हॅशची रुजुवात तिऱ्हाइताला घालता येईल. काम किचकट आहे, कारण प्रोग्रॅममध्ये नकळत शिरलेली निर्मितीची वेळसुद्धा हॅश बदलून टाकते.

आपल्याकडे हा विषय कायद्याच्या पुस्तकातही आलेला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या तिसऱ्या कलमात हॅशची व्याख्या दिलेली असून, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमान्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात अभिलेखाची हॅश आणि ती काढण्याची पद्धत लिहावी लागते. नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी५ ही तिन्ही नावे शेजारीशेजारी छापलेली आहेत. ज्या पुराव्यातला मजकूर हितसंबंधी पक्षानेच घडवलेला असू शकतो, तेथे वर सांगितलेल्या जोडफायलींचा धोका सर्वांत अधिक संभवतो. म्हणून वकील, पोलीस आणि संगणकतज्ज्ञ यांनी नमुना भरताना केवळ एसएचए-२५६ पुढेच खूण करावी, जप्तीच्या जागीच, पंचांसमक्ष, डिस्कला लेखनबंद साधन जोडून हॅश काढावी, आणि तो आकडा त्याच वेळी पंचनाम्यात उतरवून त्यावर पंचांच्या सह्या घ्याव्यात.